मोडी टेस्ट केली, रिपोर्टही मोडीतच आला

आधीच सांगते, लॅबचं नाव टाकणार नाहीये. उगाच कुणाशी वाद नको, आणि तसंही माझी तक्रार त्यांच्या मशीनबद्दल नाहीये, माणसांबद्दल आहे, आणि ती सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच असतात. रेटिंग पाचपैकी साडेतीन. त्यातला एक अख्खा स्टार सांगलीच्या एका मॅडमचा, त्यांच्याबद्दल खाली येतंच.

टेस्ट कसली तर डायबेटिसची जीन टेस्ट. शुगरची नाही, जीनची. एकाच जीनमधल्या बिघाडामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा जो डायबेटिस असतो त्याला इंग्रजीत मॅच्युरिटी ऑनसेट डायबेटिस ऑफ द यंग म्हणतात, शॉर्टमध्ये मोडी. हो, आपल्या मोडी लिपीसारखंच. डॉक्टरांनी पहिल्यांदा शब्द उच्चारला तेव्हा पप्पा म्हणाले आमच्याकडे आबांच्या पेटीत मोडीतली जुनी खतं आहेत ती चालतील का. डॉक्टर बिचारे हसले पण मला वाटतं त्यांना कळलं नाही.

तर झालं असं की माझा धाकटा भाऊ बारावीत असताना एकदम वाळायला लागला, सारखं पाणी, सारखं बाथरूम, शुगर निघाली ३४०. सतरा वर्षांचा, काडीसारखा, त्यामुळे टाइप वनचा (शरीर स्वतःचं इन्शुलिन बनवणंच बंद करतं तो प्रकार) शिक्का बसला आणि दुसऱ्या दिवसापासून इन्शुलिन. दिवसाला चार इंजेक्शनं. ह्याला आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आमच्या घरात सातारी कंदी पेढ्याचा बॉक्स उघडा राहिला नाही, आणि नऊ वर्षं आईने सगळ्या नातेवाइकांकडून ऐकून घेतलं की लहानपणी फार गोडधोड खायला घातलंस पोराला, लाड केलेस. टाइप वन गोड खाऊन होत नाही हे कुणाला सांगणार. असो.

शंका पहिल्यांदा आली ती बावधनच्या बगाडामुळे. मामाचं घर वाईजवळ बावधनला, रंगपंचमीला बगाड असतं तेव्हा सगळे जमतो. गेल्या वर्षी भाऊ पुण्याहून बाइकवर आला आणि इन्शुलिनची पेनं फ्रीजमध्येच विसरला, आणि घाबरून कुणाला सांगितलंही नाही, तीन दिवस तसाच फिरला. (असं कुणीही करू नका, टाइप वनवाल्याने तर अजिबातच नाही, जीव जाऊ शकतो.) चौथ्या दिवशी मला म्हणाला, ताई ओरडू नकोस पण असं असं झालं. मशीनवर बघितली तर शुगर २७०. जास्त आहे, पण उलटी नाही, धाप नाही, लघवीत कीटोन (इन्शुलिन संपलं की शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होतात ते) निगेटिव्ह. आमच्या पुण्यातल्या एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, हे सांगितलं तर ते ओरडायचे सोडून एकदम खुर्चीत पुढे सरकले. म्हणे दिवसाला एकूण किती युनिट घेतोस, हा म्हणाला अठरा, ते म्हणाले नऊ वर्षांनंतर फक्त अठरा?

मग त्यांनी दोन साध्या टेस्ट लिहून दिल्या. एक सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतःचं इन्शुलिन अजून बनवतंय का ते बघायचं, आणि दुसरी अँटिबॉडी, गॅड, आयए-टू वगैरे, त्या टाइप वनमध्ये बहुतेकांच्यात सापडतात. सी-पेप्टाइड १.१ आलं, अँटिबॉडी सगळ्या निगेटिव्ह. टाइप वनमध्ये इतक्या वर्षांनी सी-पेप्टाइड जवळजवळ संपलेलं असतं म्हणे. मग त्यांनी विचारलं घरात अजून कुणाला आहे. आणि इथे आमची गाडी सुरू झाली: पप्पांना बाविसाव्या वर्षी निघाली, आत्याला पहिल्या बाळंतपणात निघाली ती गेलीच नाही, आबांना तिशीच्या आत होती आणि शेवटी किडनीवर गेलं. कुणीच जाड नाही. आम्ही घरात ह्याला "आपल्याकडे आहेच ते" म्हणायचो, जसं नाक लांब आहे तसं.

आता बारीक असणं हा आपल्याकडे फार मोठा पुरावा नाही हेही त्यांनीच सांगितलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन ह्या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी यूडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे आपण बारीक दिसतो पण असतो असं नाही, आणि आपल्याकडे साधा टाइप टूसुद्धा विशी-तिशीत बारीक माणसाला होतो. त्यामुळे तरुण आहे, बारीक आहे, घरात आहे म्हणजे मोडीच असं नसतं. इंग्लंडच्या एक्सेटर युनिव्हर्सिटीचं एक कॅल्क्युलेटर आहे, वय वजन वगैरे भरलं की मोडीची शक्यता किती टक्के ते येतं. डॉक्टरांनी ते भरून बघितलं पण म्हणाले हे मुळात गोऱ्या लोकांच्या आकड्यांवर बेतलंय, आपण त्याच्यावर फार विसंबायचं नाही. एकूण डायबेटिसवाल्यांत असे एकाच जीनवाले साधारण १ ते ५ टक्के धरतात.

बरं आता लॅबकडे. पॅनल टेस्ट, म्हणजे बरेच जीन एकदम बघणारी, १८,५०० रुपये. मेडिक्लेमने हात वर केले, ओपीडीतलं बसत नाही म्हणे. वेबसाइटवर बुकिंग झकास, दोन मिनिटांत. दुसऱ्या दिवशी कॉल सेंटरचा फोन: सर सकाळी सात वाजता माणूस येईल, बारा तास काही खाऊ नका. मला तेव्हाच खटकलं, जीन काय पोहे खाल्ल्याने बदलतात का? पण भाऊ म्हणाला राहू दे ताई, सांगतायत तर राहतो उपाशी. सात वाजता येणारा माणूस आला पावणेदहाला. ह्याने रात्रीचं इन्शुलिन घेतलेलं, पोटात काही नाही, साडेनऊला हात थरथरायला लागले, घाम, मशीनवर ६८. आईने ग्लुकोजचं पाणी पाजलं. माणूस आल्यावर त्याला विचारलं तर तो म्हणतो मॅडम ह्या टेस्टला उपाशी राहायचं नसतंच, तुम्हाला कुणी सांगितलं? जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये चार एमएल रक्त घेतलं आणि गेला. पोरगा चांगला होता, सॉरी पण म्हणाला, त्याच्या हातात काही नव्हतं. पण लॅबवाल्यांनो, इन्शुलिनवरच्या पेशंटना सरसकट बारा तास उपाशी ठेवायचं स्क्रिप्ट वाचून दाखवणं हे साधं दुर्लक्ष नाही, हे धोकादायक आहे. मी मेल टाकलं, उत्तर आलं युअर फीडबॅक इज व्हॅल्युएबल. इथे पहिला स्टार गेला.

फॉर्मबद्दल बोलायलाच पाहिजे. ही टेस्ट मुळात घराण्याच्या रोगाची, आणि फॉर्मवर फॅमिली हिस्टरीला जागा किती, तर एक ड्रॉपडाऊन, येस / नो / नॉट नोन. बस. आत्याच्या बाळंतपणातल्या शुगरचं कुठे लिहू, आबांच्या किडनीचं कुठे लिहू? माझ्याकडेही सांगायला एक गोष्ट होती. तीन वर्षांपूर्वी नोकरीच्या मेडिकलमध्ये नाश्त्यानंतर माझी ब्लड शुगर १५२ आणि लघवीत मात्र शुगर प्लस टू. तेव्हा डॉक्टर म्हणाले लॅबची चूक असेल, कारण साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत शुगर उतरत नाही. पुन्हा केली तर तेच. मी विसरून गेले. आता कळतं की मोडीच्या एका प्रकारात किडनी कमी आकड्यालाच शुगर सोडायला लागते, डायबेटिस दिसायच्या कितीतरी आधी. म्हणजे चूक नव्हती, निरोप होता, पण तो फॉर्मच्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हता.

चार आठवड्यांत रिपोर्ट म्हणाले होते, सात लागले. मधे दर सोमवारी मी फोन करायचे आणि दर सोमवारी नवा माणूस मला पहिल्यापासून स्पेलिंग विचारायचा.

आणि मग रिपोर्ट आला. सहा पानी पीडीएफ, पासवर्ड लावलेला. पप्पांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, हे तर खरंच मोडीत आहे. एचएनएफ१ए, सी.८७२डुप, हेटेरोझायगस, पॅथोजेनिक, ऑटोसोमल डॉमिनंट. मराठी सोडाच, साध्या इंग्रजीतही एक ओळ नाही की बाबांनो तुम्हाला हे आहे आणि आता हे करा. त्यातल्या त्यात पॅथोजेनिक (इथे अर्थ एवढाच की जीनमधला रोग घडवणारा बदल) शब्द वाचून आईला वाटलं काहीतरी इन्फेक्शन आहे, ती भांडी वेगळी करायच्या विचारात.

रिपोर्टसोबत एक फ्री काउन्सेलिंग कॉल असतो. पहिला कॉल सकाळी अकराला, भाऊ ऑफिसात, घाईघाईत इंग्रजी, पंधरा मिनिटं, एनी अदर क्वेश्चन्स, थँक यू. मी भांडले. म्हटलं माझ्या आईवडलांना कळेल अशा भाषेत पाहिजे. आणि इथे मात्र मानलं पाहिजे, तीन दिवसांत त्यांनी दुसरा कॉल दिला, व्हिडिओवर, आणि पलीकडे होत्या त्या सांगलीच्या मॅडम.

त्यांनी रिपोर्टला हातच लावला नाही आधी. म्हणाल्या, काका, तुमच्या वडलांपासून सुरू करू, किती भावंडं? आणि स्क्रीनवर कागद धरून झाड काढायला लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, ज्याला शुगर तो काळा भरायचा, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आबांचा चौकोन काळा, तिरकी रेघ. पप्पा काळे. आत्या काळी. चुलतआजोबा निघाले, ते तर आम्ही विसरलोच होतो, त्यांचा पाय कापला होता, पप्पांना एकदम आठवलं, काळा. पाऊण तास चाललं. शेवटी कागद पूर्ण झाला तेव्हा वरून खाली एक काळी वाट दिसत होती, एकही पिढी न गाळता. आई इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, म्हणजे माझ्या बाजूने नाही? मॅडम म्हणाल्या नाही काकू. आई पप्पांकडे वळली आणि म्हणाली, मग नऊ वर्षं मला का ऐकवलं सगळ्यांनी? पप्पा काय बोलणार. उठून चहा ठेवायला गेले, जे ते कधी करत नाहीत.

मग मॅडमनी समजावलं ते मी लिहून ठेवलंय. आपल्याकडे प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईची एक बापाची. एचएनएफ१ए हा जीन बाराव्या क्रोमोसोमवर असतो आणि स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची बरीच कामं त्याच्या हुकमावर चालतात. त्या जीनमध्ये एका ठिकाणी सी हे अक्षर ओळीने आठ वेळा येतं. नकलून काढताना हात चुकावा तसं आमच्या घराण्यात ते नऊ वेळा आलंय. बस, एवढंच. एक सी जास्त. तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं आणि ती प्रत वाया. जगात ह्या जीनमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी चूक हीच आहे, म्हणजे आमचं काही खास नाही. प्रत्येक मुलाला ती चुकीची प्रत मिळायची शक्यता निम्मी, दर वेळी नव्याने नाणेफेक. आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यातल्या साधारण ६३ टक्के लोकांना पंचविशीपर्यंत आणि ९६ टक्के लोकांना पंचावन्नपर्यंत डायबेटिस होतो.

मग इन्शुलिनच्या जागी गोळी का चालते तेही सांगितलं. ह्या पेशींकडे इन्शुलिन असतं पण रक्तातली शुगर वाढली हा निरोप आतपर्यंत नीट पोचत नाही, मधली पायरी तुटलेली. सल्फोनिलयुरिया गटातली गोळी, म्हणजे ग्लिक्लाझाइड वगैरे, ती पायरी गाळून थेट शेवटची कडी दाबते. २००३ साली लॅन्सेटमध्ये अभ्यास आला होता, एचएनएफ१ए वाल्यांना मेटफॉर्मिनपेक्षा, म्हणजे टाइप टूच्या नेहमीच्या गोळीपेक्षा, ग्लिक्लाझाइडने पाचपटीहून जास्त फरक पडला. गंमत बघा, ही गोळी जुनी आणि स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. आमचे १८,५०० गेले ते चार रुपयांची गोळी द्यायची की नाही हे ठरवायला.

भावाचं सांगते. डॉक्टरांनी इन्शुलिन हळूहळू कमी करत ४० एमजीची अर्धी गोळी सुरू केली, रोज सात वेळा शुगर बघायची ह्या अटीवर. अकराव्या दिवशी इन्शुलिन बंद. चार महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.४ वरून ६.७. मधे एकदा दुपारचं जेवण लांबलं तर ६२ झाली, कारण ही गोळी ह्या लोकांना जास्तच लागू पडते, म्हणून डोस अगदी कमी ठेवतात. पहिल्या आठवड्यात तो जेवायच्या आधी सवयीने शर्ट वर करायचा आणि मग आठवायचं. फ्रीजच्या दारातला इन्शुलिनचा कप्पा आईने धुवून पुसून ठेवलाय पण त्यात अजून काही ठेवत नाही.

पप्पांचं मात्र तसं झालं नाही, हेही लिहायलाच पाहिजे कारण नेटवर सगळे चमत्कारच सांगतात. त्यांना तीस वर्षं होऊन गेलीत, पोटही सुटलंय, त्यांचं इन्शुलिन निम्म्यावर आलं पण सुटलं नाही. ते म्हणतात मी तुझ्याएवढा असताना ही टेस्ट कुठे होती. खरं तर मोडी हे नाव १९७४-७५ मधलं, टॅटरसल आणि फायान्स ह्या डॉक्टरांनी दिलेलं, आणि आमचा जीन सापडला १९९६ ला. पप्पांचं निदान त्याच्या थोडंसं आधीचं.

घरच्या बाकीच्यांसाठी लॅबची एक सोय बरी आहे: एकदा चूक कुठली ते कळलं की अख्खं पॅनल करायला लागत नाही, तेवढीच एक जागा बघतात, ४,२०० रुपये माणशी. मी केली. पॉझिटिव्ह. वय ३१, शुगर अजून नॉर्मल. आता दर सहा महिन्यांनी तपासायची एवढंच. रिपोर्ट उघडताना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण खरं सांगू, त्या प्लस टू चा हिशोब लागला ह्याचंच बरं वाटलं.

आत्या मात्र तयार नाही. स्वतः करेन म्हणते, पण मुलीची नको. तिचं लग्न जमवायचंय, कागदावर असलं काही आलं तर कोण करून घेईल. मी तिला म्हटलं आत्या, कागद नाही केला म्हणून जीन थोडाच जाणारे. ती म्हणाली तुला काय कळतंय, तुझं झालंय लग्न. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि बाईचंही पूर्ण चुकतंय असं मी म्हणणार नाही. आतेबहीण पंचवीसची आहे, तिने तिचं ठरवावं. तिने मला गुपचूप मेसेज करून किती पैसे लागतात ते विचारलंय.

आता कुणी करावी. जाड आहे, पंचेचाळिशीत निघालीय, त्यांनी पैसे वाचवा. पस्तिशीच्या आत निघालेली, अँटिबॉडी निगेटिव्ह, सी-पेप्टाइड शाबूत आणि दोन-तीन पिढ्या ओळीने असतील तर डॉक्टरांना विचारा. माझ्या ऑफिसमधल्या एकीची उपाशीपोटी शुगर वर्षानुवर्षं ११५ ते १२५ च्या मधे, ना वर ना खाली, सहा वर्षं गोळ्या खाल्ल्या काही फरक नाही. तिचा जीन वेगळा निघाला, जीसीके. त्यात शरीराचा शुगरचा काटाच थोडा वर लावलेला असतो, औषधाने हलत नाही आणि गरोदरपण सोडलं तर औषध लागतही नाही. तिच्या गोळ्या बंद झाल्या. आणि बाळाला पहिल्या सहा महिन्यांत डायबेटिस निघाला तर तिथे एक दिवसही थांबू नका, तो बहुतेक वेळा एकाच जीनचा असतो. अशा बाळांची टेस्ट एक्सेटरवाले फुकट करतात. केसीएनजे११ नावाच्या जीनवाल्या ४९ जणांना २००६ च्या अभ्यासात गोळी दिली तर ४४ जणांचं इन्शुलिन सुटलं. आपल्याकडे चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन आणि वेल्लोरचं सीएमसी ह्यांचं ह्या विषयात बऱ्याच वर्षांचं काम आहे, खाजगी लॅबच्या आधी तिथेही चौकशी करा.

एक धोका सांगून ठेवते. रिपोर्टमध्ये व्हीयूएस असं आलं तर त्याचा अर्थ बदल सापडला पण तो दोषी की निर्दोष ते माहीत नाही. जगातल्या डेटाबेसमध्ये आपल्या लोकांचे नमुने कमी, त्यामुळे आपल्याकडे हे जास्त येतं. त्यावरून परस्पर औषध बदलू नका. आणि गोळीचा प्रयोग घरी करू नका, भावाचं अकरा दिवस डॉक्टरांच्या फोनवर चाललं होतं.

लॅबला सूचना एकच. ते झाड काढायचं काम पैसे घ्यायच्या आधी करा. ड्रॉपडाऊन काढून टाका आणि त्या मॅडमना आधी बसवा, त्यांचा पाऊण तास तुमच्या सहा पानांपेक्षा जास्त कामाचा होता. मी त्यांना फीडबॅकमध्ये दहापैकी दहा दिलेत. त्या झाडाचा फोटो मागितला तर लॅब म्हणाली पॉलिसीत बसत नाही, मग मॅडमनी सांगितलं काकू, तुम्हीच काढा, तुम्हाला आता येतंय. आईने वहीच्या मधल्या जोडपानावर काढलंय, पट्टी लावून. माझ्या गोलात तिने मधोमध उभी रेघ मारलीय, शुगर अजून नाही पण जीन आहे त्यांना तशीच मारतात, मॅडमनीच शिकवलं होतं. खाली माझ्या पोरीचा गोल आहे, तो रिकामा ठेवलाय, पेन्सिलीने.